गावचं सगळ्यात चांगलं दही

आमच्या घराण्यातली पहिली पदवी मी आणली, आणि तिचा पहिला उपयोग दही हुंगण्यासाठी झाला, असं माझे वडील आल्यागेल्याला सांगत. ते विहिरींना सुरुंग लावायचं काम करत. नगर जिल्ह्याचा काळा पाषाण फोडून पाणी काढणारा माणूस. काम कशाला म्हणतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुलगी पुण्याला राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली, नगरच्या सरकारी प्रयोगशाळेत लागली, याचा त्यांना एवढा अभिमान की आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांनी ही बातमी प्रार्थनेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सांगितली होती. पण मला भेटायला म्हणून ते प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी नेमकी दह्याच्या वाटीत नाक घालून बसले होते. जरा वेळ उभं राहून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये तर तुझी आय बिनशिकता करती की."

नोकरीचा सगळा प्रवास मी इथे सांगत बसत नाही. बदल्या आणि बढत्या ज्याच्या त्यालाच गोड लागतात. चाळीसच्या दशकातली, लढाईच्या दिवसांतली एकच हकीकत सांगते. त्या हकीकतीत माझी नोकरी जवळजवळ गेली होती, आणि तरीही ती आठवली की मला हसूच येतं.

आधी काम काय होतं ते सांगते. जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या म्हणजे आमची प्रयोगशाळा. लोकांच्या खाण्यात काय कमी पडतं ते शोधायचं, एवढं आमचं काम. त्या काळी रेशनचं धान्य खाऊन पोरांच्या ओठांचे कोपरे फुटत, जिभा लाल होत, तिखट लागलं की रडत. लोक म्हणत, उष्णता झाली. आम्ही म्हणत होतो, 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व कमी पडतंय. दह्यावर जे पाणी सुटतं ना, ते कधी पांढऱ्या वाटीत ओतून पाहा. हिरवट पिवळं दिसेल. तो रंग म्हणजेच ते जीवनसत्त्व. लोणी काढलं की दुधातलं 'अ' जीवनसत्त्व लोण्याबरोबर जातं, पण हे पाण्यात राहतं. म्हणून ताकाला उरलंसुरलं समजणाऱ्या माणसाचा मला तेव्हापासून राग आहे.

आमच्याकडे पाऱ्याच्या वाफेचा एक दिवा होता, त्याच्यापुढे जवळजवळ काळी काच. दह्यातला चोथा काढून त्याचं नितळ पाणी नळीत भरायचं, खोलीला काळे पडदे लावायचे आणि नळी त्या दिव्यापुढे धरायची. पाणी काजव्यासारखं हिरवं उजळतं. जितकं जीवनसत्त्व जास्त, तितका उजेड जास्त. शेजारी माहीत असलेल्या ताकदीच्या नळ्या ठेवून मेळ घालायचा. डोळे चांगले लागत, आणि माझे चांगले होते.

विरजण ही जिवंत वस्तू आहे. त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आंबटपणा सोडतात, म्हणून दही लागतं. पण सगळ्या घरचे जंतू एका वळणाचे नसतात. काही हे जीवनसत्त्व स्वतःच फस्त करतात, काही उलट त्यात भर टाकतात. म्हणून विरजण विरजणाप्रमाणे पारखावं लागे. आणि या जीवनसत्त्वाचा मोठा वैरी म्हणजे ऊन. दूध किंवा दही उन्हात राहिलं तर दिसायला तसंच दिसतं, पण त्यातली ती हिरवी जान निघून जाते. त्यामुळे मी खेड्यातून दही आणायची ते काळ्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्यांतून. एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, दह्याला दृष्ट लागू नये म्हणून का गं हे काळं? मी म्हटलं, हो, सूर्याची. त्यांना ते पूर्ण पटलं.

आजकाल नातसून मासिकातून वाचून दाखवते की दह्यात अँटिऑक्सिडंट असतात आणि ते खाल्ल्याने माणूस म्हातारा होत नाही. मी रोज दही खाते आणि मी म्हातारी झाले आहे. पण शब्द खोटा नाही. दूध विरजलं की त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पडतात, आणि त्यातले काही तुकडे हवेतल्या प्राणवायूचा मारा अडवतात, असं आता सिद्ध झालंय. शरीरात गेल्यावर ते किती काम करतात हे छातीवर हात ठेवून सांगणारा मला अजून भेटायचा आहे. आमच्या वेळी हा शब्द शरीराला कुणी लावत नव्हतं. तो तुपाला लावत. नगरच्या बाजारातले एक तुपाचे व्यापारी होते, सगळे त्यांना नुसतं शेठ म्हणत. त्यांचं तूप डब्यात महिनाभरात खवट व्हायला लागलं. त्यांना संशय माणसांचा, भेसळीचा, शेवटी करणीचा. मी जाऊन त्यांची भट्टी पाहिली. पितळी पातेल्याची कल्हई गेलेली. आंबट ताक अशा भांड्यात ठेवलं तर कळकतं हे घरोघर माहीत असतं, पण तांब्याचा अंश तुपात उतरला तर तेही हवेपुढे टिकत नाही, हे शेठजींच्या ध्यानात आलं नव्हतं. शिवाय गिऱ्हाइकाला पांढरं तूप आवडतं म्हणून ते लोणी अर्धंकच्चं कढवून उतरवत. बेरी चांगली तांबूस होईपर्यंत कढवलं तर त्या बेरीतून तुपात काही द्रव्यं उतरतात आणि हवेचा मार आधी स्वतः खातात. हेच ते अँटिऑक्सिडंट. मी हे सगळं समजावल्यावर शेठजींनी बेरीच्या कढईकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे बाई, ही तुपाचा गुरखा?" मी म्हटलं, तसंच समजा. कल्हई झाली, तूप सुधारलं, आणि शेठजी पुढे सगळ्यांना सांगत राहिले की करणी उतरवणारी एक शिकलेली बाई सरकारने ठेवली आहे.

आता मूळ गोष्ट. शेवगावच्या पुढे एका गावात कुणीतरी मलई काढायचं यंत्र बसवलं होतं. मलई गोळा होऊन नगरला जाई, आणि मागे उरलेलं दूध ओढ्याला सोडत. यंत्रातून गेलेल्या दुधात जीव राहत नाही अशी समजूत, त्यामुळे ते फुकट दिलं तरी कुणी घेईना. त्याच गावच्या शाळेत निम्म्या पोरांच्या ओठांचे कोपरे फुटलेले. माझ्या डोक्यात आलं की हे दूध गावातल्या बायकांनी घरच्या विरजणाने विरजावं, घुसळावं आणि दुपारी शाळेत एकेक पेला ताक द्यावं. यंत्राचं दूध न पिणारी माणसं ताक नक्की पितील, कारण विरजण घरचं असतं. पुण्याच्या कचेरीत आमचे मोठे साहेब होते. त्यांचा एकच प्रश्न होता: त्या गावच्या विरजणाने ते जीवनसत्त्व दह्यात टिकतं का? टिकत असेल तर मंजुरी, नसेल तर दूध ओढ्याला. घरोघरचं दही आणून तपासा, असा हुकूम झाला.

मी निघाले. मोटार तेव्हा पेट्रोलवर नव्हे, कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की आम्ही उतारू उतरून तिच्याबरोबर चालत असू. पुढे बैलगाडी. गावात मी काळ्या फडक्यातल्या बाटल्या घेऊन हिंडायची म्हणून माझं नाव बाटलीवाल्या बाई पडलं. आम्ही कोण, कुठले, हे पहिल्याच ओट्यावर विचारून झालं. मी खरं सांगितलं. माझ्या हातचं पाणी घ्यायला तिथे अडचण होती, पण मला दही द्यायला कुणाचीच अडचण नव्हती. देण्याच्या बाबतीत ते गाव मोठं उदार होतं.

मी दहाबारा घरं निवडली होती. प्रत्येक घरी सांगितलं, तुमच्या रोजच्या जेवणातलं दही द्या, पुण्याच्या हुकमाने सरकार तपासणार आहे. प्रत्येक घरी मला ओट्यावर बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि थोड्या वेळाने आतून दही आलं. सुताराची कोंडाबाई सगळ्यांत बोलकी. तिने तर मला अर्धा तास सासूच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा कुठे तिची लेक दह्याची वाटी घेऊन आली. दही असं की चमचा उभा राहावा. गोड, पांढरं शुभ्र. गरिबाच्या घरी एवढं देखणं दही पाहून मला भरून आलं, आणि मी ते बाटलीत भरून काळ्या फडक्यात गुंडाळलं.

पुण्याचे साहेब त्याच सुमारास तपासणीला नगरला आले. उंच, काटक, कमी बोलणारे. बायकांनी प्रयोगशाळेत काम करावं की नाही याबद्दल त्यांचं मत त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं. मी पडदे लावले, दिवा लावला आणि नळ्या ओळीने ठेवल्या. सगळ्या मंद. आणि सगळ्या सारख्या. एका घरची दुसऱ्या घरासारखी, तिसऱ्या घरची दुसऱ्यासारखी. दहाबारा घरं, दहाबारा म्हशी, दहाबारा हात, आणि उजेड मात्र एकच.

साहेबांनी पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी पडदा बाजूला सारला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, एवढ्या घरांतलं दही एकसारखं लागत नाही. तुम्ही एका घरी बसून सगळ्या बाटल्या भरल्यात."

मी नाही म्हटलं. घरांची नावं सांगितली, कोंडाबाईच्या सासूची गोष्टसुद्धा सांगितली. ते शांतपणे म्हणाले की उद्या ते स्वतः माझ्याबरोबर त्या गावात येतील. माझं म्हणणं खोटं निघालं तर मी पुन्हा इथे यायची गरज नाही, आणि खरं निघालं तर त्या दह्यात काहीच नाही हेही खरं, तेव्हा शाळेच्या ताकाचा विषय तिथेच संपेल.

म्हणजे खरं निघालं तरी शाळेचं ताक बुडत होतं, खोटं निघालं तर मीही. वडिलांना हे कसं सांगायचं, याचाच मी रात्रभर विचार केला. आमच्या वस्तीत पदवीची बातमी दोनदा सांगून झाली होती. ती परत कशी घेतात ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन मी गावात पोचले. सोला हॅट घातलेला माणूस पाहिल्यावर गावाला कळलं की आज दह्याची मोठी परीक्षा आहे. पाटलांच्या घरी पहिल्यांदा गेलो. साहेबांनी आपलं नुसतं घरचं दही दाखवा म्हटलं. पाटलीणबाई आत गेल्या, बराच वेळ लागला, मग दही आलं. साहेबांनी ते तपासायच्या आधी घरच्या म्हाताऱ्याने त्यांना बजावलं की खाल्ल्याशिवाय दही कसं कळणार. साहेबांना खावं लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, पण ती वाटी त्यांनी संपवली.

दुसरं घर. पुन्हा ओटा, पुन्हा वाट बघणं, पुन्हा दही. वाटी निळ्या काठाची, इनॅमलची, एका बाजूला टवका उडालेला. तिसऱ्या घरी कोंडाबाई. तिने साहेबांना पाहून पदर सारखा केला आणि आपल्या दोन्ही म्हशींची वंशावळ सांगायला सुरुवात केली. आतून दही आलं. वाटी निळ्या काठाची, टवका उडालेली.

साहेब वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही वाटी तुमची?"

"व्हय साहेब. आमचीच की. माझ्या आहेराची हाय."

"आणि दही?"

"त्येबी आमचंच. सकाळी काढलंय."

साहेबांनी दह्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि मग वाटी खाली ठेवून ते सरळ उठले. कोंडाबाई 'तिकडं न्हाई, तिकडं म्हस हाय' म्हणेपर्यंत ते घरातून मागच्या परसात पोचलेसुद्धा. मी मागे धावले. परसाच्या मातीच्या भिंतीपलीकडे एक थोराड बाई काळ्या मडक्यातून डावाने दही काढत होती, आणि पलीकडच्या भिंतीवरून चौथ्या घरची सून वाटी पुढे करून उभी होती. तिच्यामागे पाचव्या घरची.

मडकंवाल्या बाईंनी साहेबांना पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि डाव पुढे करून विचारलं, आणिक घालू का?

त्या अनसाबाई. गावातलं सगळ्यात चांगलं दही त्यांचं, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. कुणाकडे पाहुणा आला, सोयरीक ठरायची असली, मामलेदार आला, की दही अनसाबाईंच्या मडक्यातून. मग सरकार दही बघायला येणार म्हटल्यावर आपलं पातळ, आंबट दही कोण पुढे करेल? सरकारसुद्धा पाहुणाच. पहिल्या फेरीत मी ओट्यावर गूळ-शेंगदाणे खात बसले होते तेव्हा प्रत्येक घरातून एकेक पोर मागच्या भिंतीवर चढत होतं, आणि मी भरल्या मनाने एकाच मडक्यातलं दही दहाबारा बाटल्यांत भरून घेतलं होतं. कुणी मला फसवलं नव्हतं. त्यांनी मला मान दिला होता.

कोंडाबाई सारवासारव करायला लागली. साहेब, दही तिचं असलं तरी दूध आमचं हुतं, म्हणजे एकदा हुतं, दसऱ्याला. साहेबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं दही बाधलं. मग लक्षात आलं, ते हसत होते. आवाज न करता हसायची त्यांची रीत होती, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. उरलेल्या घरांत जाणं आता चुकणार नव्हतं, कारण वाट्या भरून तयार होत्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी 'हे तुमचंच ना?' असं विचारलं, प्रत्येकीने होय म्हटलं, आणि त्यांनी खाल्लं. परतीच्या बैलगाडीत ते म्हणाले, "बाई, तुमचा दिवा बरोबर आहे. माझा संशय चूक. पण माझ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही." आणि मग गाडीच्या धक्क्यातच त्यांना झोप लागली. एवढं दही पोटात गेल्यावर कुणालाही लागली असती.

माझी इभ्रत वाचली, पण शाळेचं ताक अजून लटकलेलं होतं. घरोघरचं खरं दही मिळवायचं कसं? मागितलं की अनसाबाईंचं येणार. पहाटे घुसळणीच्या वेळी अचानक गेले तर दार उघडेपर्यंत भिंत चढून होणार. दोन दिवस विचार करून मी गावात गेले आणि पारावर बसून सांगितलं की यावेळी पुण्याला चांगलं दही नकोय. गावातलं सगळ्यात आंबट, पातळ, पाणी सुटलेलं दही हवंय. ज्यांच्याकडे असेल त्यांनी द्यावं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पाटलीणबाई म्हणाल्या, "आंबट आमच्याकडं न्हाई बाई. पर कोंडीकडं लई आंबट असतंय. थांबा, मी आणून देते."

कोंडाबाईने ते ऐकलं. तिचा चेहरा तांबडा झाला. ती उठली, पाटलाच्या मागच्या दाराने आत गेली आणि पाटलीणबाईंच्याच घरचं पातेलं घेऊन आली. ह्ये बघा म्हणाली, डोळं मिटून चव घ्या, दात आंबत्यात का न्हाई ते सांगा. त्यानंतर मला एका जागेवरून उठावं लागलं नाही. प्रत्येक बाई शेजारणीचं दही आणून मला देत होती, आणि कुणाचं कुणी आणलं हे मी बाटलीवर लिहून घेत होते. आपलं आंबट आहे असं कबूल करणारी एकही निघाली नाही, आणि एकही घर सुटलं नाही. फक्त अनसाबाईंचं दही आंबट म्हणून आणायची कुणाची छाती झाली नाही. त्या बाजूला उभ्या राहून सगळं बघत होत्या.

नगरला आल्यावर मी पडदे लावले. नळ्या दिव्यापुढे धरल्या. पाटलांची नळी उजळली, कोंडाबाईची तिच्याहून जास्त. काही कमी, काही जास्त, एकीशी दुसरीचा मेळ नाही. खऱ्या घरांचं असतं तसं. पण बहुतेक सगळ्या चांगल्या. गावचं विरजण इमानी होतं. साहेबांनी पुण्याहून मंजुरी पाठवली, यंत्राचं दूध ओढ्याला जायचं बंद झालं, आणि बायका पाळीपाळीने शाळेचं दही लावू लागल्या. माझी तात्पुरती नेमणूक कायम झाली. वडिलांनी ती बातमी वस्तीत किती वेळा सांगितली ते मी विचारलं नाही. काही वर्षांनी मलईचं यंत्र बंद पडलं आणि शाळेचं ताकही. ते चालू ठेवण्यासाठी मी पुण्याला आणखी भांडायला हवं होतं असं अजून वाटतं. पण तोवर त्या शाळेतल्या पोरांचे ओठ सांधले होते आणि एक पिढी तिखट खायला लागली होती.

एक कोडं मात्र उरलं होतं. गावात सगळ्यांचं दही उजळतं आणि सगळ्यात देखणं दही मंद का? मंजुरीचं सांगायला मी गावात गेले आणि शाळेच्या दह्याच्या पाळ्या लावून दिल्यावर अनसाबाईंच्या घरी गेले. त्यांनी मला ओट्यावर नाही, परसात बसवलं. त्या दोरखंड वळत बसल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "बाई, साळंच्या दह्याला समद्यांना पाळी दिली. कोंडीलाबी दिली. मलाच न्हाई. माझ्या दह्यात काय खोट निगाली ते सांगा."

मी गोलमोल बोलणाऱ्यांतली नाही. मी सांगितलं की दिव्यापुढे तुमचं दही सगळ्यांत मागे राहिलं, आणि का ते मला कळत नाही. उन्हात ठेवता का? नाही. मडकं मातीचं, घराच्या काळोख्या कोपऱ्यात. मग कसं लावता ते सांगा. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीपलीकडे कोंडाबाई नाही ना, याची खात्री केली. आणि हळू आवाजात मला ते सांगितलं जे त्यांनी आपल्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. दही लागलं की त्या मडकं वाकडं करून सुटलेलं पाणी ओतून टाकत. मग कडेने हळूच विहिरीचं गार पाणी सोडत, थोडा वेळ ठेवत, तेही ओतून टाकत. पुन्हा एकदा तसंच. आंबटपणा सगळा त्या पाण्यातून निघून जाई. थोडक्यात, अनसाबाई दही धुऊन घेत होत्या. (त्यांच्या पश्चात त्यांच्या सुनेने मला हे लिहायची परवानगी दिली आहे. तिलाही शेवटी सांगितलं होतं.)

मला सगळा उलगडा झाला. मी त्यांना सांगितलं की मावशी, तुमच्या दह्यात खोट नाही. चव तुमच्याच दह्याला. पण पोरांचं तोंड बरं करणारी जी वस्तू आहे, ती त्या हिरवट पाण्यात असते, आणि ती तुम्ही दोन-तीनदा धुऊन बाहेर काढता. मग मी विचारलं की ते पाणी टाकता कुठे?

त्यांनी परसाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथे म्हशीचं एक रेडकू बांधलं होतं. काळंभोर, तुकतुकीत, अंग तेल लावल्यासारखं. दाव्याला हिसके देत होतं.

अनसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हातातला दोर तसाच राहिला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "ह्या घरात समद्यांचं त्वांड येतंय. त्याचंच कधी आलं न्हाई."